आम्ही नाशिक पाहिले

खालापूर तालुक्यात महड नावाचे गाव आहे. तिथे वरदविनायकाचे देऊळ आहे. अष्टविनायकांपैकी तो एक. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खूप लांब दक्षिणेला, महाड नावाचे शहर आहे. महड आणि महाड. फरक एका कान्याचा. पण त्या एका कान्यात शंभर किलोमीटरच्या वर वाट आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. ठाकरवाडीवर राहतात. कर्जत स्टेशनाबाहेर रानभाजी विकतात. त्या वर्गात येऊ लागल्या त्याच्या आधीची ही गोष्ट. एका चतुर्थीला त्या पनवेलच्या स्टँडवर उभ्या होत्या. महडला जायचे होते. कुणीतरी बोट दाखवले. मावशी गाडीत चढल्या. गाडी पेणला आली, तेव्हा कळले, ही तर महाडची गाडी! जवळ पैसे बेताचेच. परत यायला रात्र झाली. देव राहिला तो राहिलाच.

पुढे वर्गात बाराखडी सुरू झाली. मावशींनी पाटीवर पहिला शब्द कोणता लिहून मागितला असेल? महड. आणि त्याच्याखाली महाड. दोन्ही शब्द त्या कितीतरी वेळ बघत बसल्या.

गेल्या हिवाळ्यात आमचा वर्ग नाशिकला गेला. एकंदर अकरा माणसे. त्या सहलीची ही हकिकत आहे. जुन्या शहरात देवळे पाहायला पुष्कळ लोक जातात. हात जोडतात, प्रसाद घेतात, परत येतात. त्यात वाईट काही नाही. पण तुम्हाला आता वाचता येते. वाचता येणाऱ्याने जुने शहर कसे पाहावे, ते थोडे सांगतो.

घराजवळचे लेणे

नाशिकला जाण्याआधी एका रविवारी मी मंडळींना कोंडाण्याची लेणी दाखवायला नेले. कर्जतहून कोंदिवड्याला जावे. तिथून राजमाचीच्या अंगाने रानातली वाट चढते. पावसाळ्यात वाट निसरडी होते, जपून जावे.

लेणे म्हणजे डोंगर कोरून केलेली जागा. कोंडाण्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरली. भिक्षू आठ महिने गावोगाव फिरत. पावसाळ्यात मात्र एका जागी मुक्काम करीत. त्यांना राहायला खोल्या आणि प्रार्थनेला एक उंच दालन, असे हे काम आहे. सगळे दगडाचे, पण घडण लाकडी घराची. कमानी, वासे, सज्जे, जाळ्या, सारे दगडात कोरलेले. आमच्यात एक सुतार होते. त्यांनी दगडी वाशांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, हा कारागीर आधी सुतारच असणार."

दालनाजवळ एका मोठ्या पुतळ्याचे डोके उरले आहे. बाकीचा पुतळा गेला. त्याच्याजवळ एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा, की कण्ह याचा शिष्य बलक, त्याने हे केले.

राजाचे नाव नाही. सावकाराचे नाही. करणाऱ्याचे नाव आहे, आणि त्याच्या गुरूचे आहे. मास्तरकीत माझा जन्म गेला. म्हणून असेल, मला ही ओळ फार आवडते. शिष्याने आपले नाव घालताना गुरूला विसरला नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोण कुठे माझे नाव कोरणार आहे, देव जाणे!

आमच्या वर्गात एक आबा आहेत. वय पंचाहत्तर. बौद्धवाडीत राहतात. रेल्वेच्या गँगमध्ये त्यांची नोकरी झाली. आबा त्या ओळीपुढे वाकून बराच वेळ उभे राहिले.

"गुरुजी, ही अक्षरं आपल्या पुस्तकात नाहीत."

"नाहीत, आबा. ही ब्राह्मी लिपी. आपली बाळबोध अक्षरे हिच्यापासूनच पुढे बदलत बदलत झाली. पण ही मलाही वाचता येत नाही."

"म्हंजे इथं तुम्ही बी अंगठेबहाद्दरच!"

सगळे हसले. मीही हसलो. खोटे काय होते? मी सांगितला तो अर्थ पुस्तकातून वहीत उतरवून नेला होता.

मग ही अक्षरे वाचली कुणी? मधली शेकडो वर्षे ती कुणालाच वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेप नावाचा एक इंग्रज कलकत्त्याच्या टांकसाळीत कामाला होता. त्याने जुनी नाणी आणि दगडांवरचे लेख एकमेकांशी ताडून पाहिले. एकेक अक्षर लावीत गेला. १८३७ साली त्याला ब्राह्मी लिपी लागली. तेव्हापासून हे दगड पुन्हा बोलू लागले.

असे बोलणारे दगड नाशिकला पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही नाशिक ठरवले.

पांडवलेणी

कर्जतहून लोकलने कल्याण. कल्याणहून मोठ्या गाडीने नाशिकरोड. वाटेत कसाऱ्याचा घाट लागतो. कर्जतला घाट चढायला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात, ती तुम्ही रोज पाहता. कसाऱ्यालाही तसेच. आबा खिडकीत बसून बोगदे मोजत होते. गँगमनचा डोळा रुळावर जायचाच.

घाट चढला की देश बदलतो. आपली उल्हास नदी पश्चिमेला समुद्राकडे जाते. नाशिकची गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र जवळ आहे. तरी ती पूर्वेकडे वळते, आणि हजार किलोमीटरहून जास्त वाट चालून आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. जमिनीचा उतार जिकडे, तिकडे पाणी.

नाशिकरोडहून गाव आठ-दहा किलोमीटर आहे. आम्ही पंचवटीत एका धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेण्यांना गेलो. गावाबाहेर मुंबईच्या रस्त्याला हा डोंगर आहे. पायऱ्या चढाव्या लागतात. म्हाताऱ्या माणसांनी उन्हाआधी चढावे.

लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांनी एका रात्रीत कोरली, असे सांगतात. पांडवांचा ह्या लेण्यांशी काही संबंध नाही. भिंतीवर कुणी कोरली ते लिहिलेले आहे. पण अक्षर वाचता येईना, तेव्हा लोकांनी पांडवांचे नाव घातले. कोण दोष देणार? समोर कागद आहे आणि वाचता येत नाही, तर दुसरा सांगेल ते खरे मानावेच लागते. सातबारा हातात धरून असे किती जण तलाठ्याच्या दारी उभे राहिले असतील, ते तुम्हाला मी सांगायला नको.

इथे एकंदर चोवीस लेणी आहेत. सर्वांत जुना लेख १९ नंबरच्या लेण्यात आहे. सातवाहन कुळातला कण्ह नावाचा राजा होता. त्याच्या राज्यात नाशिकच्या एका मोठ्या अंमलदाराने हे लेणे करविले, असा तो लेख आहे. कोंडाण्याचा गुरू कण्ह, आणि हा राजा कण्ह. माणसे वेगळी, नाव एकच. म्हणजे आपल्या कृष्णा, किसन या नावाचा जुना उच्चार. आणि नाशिकचे नाव त्या लेखात नासिक असेच आहे. दोन हजार वर्षांत गावाचे नाव फारसे बदलले नाही.

त्या लेखात आणखी एक शब्द आहे, "लेण". आपण लेणे म्हणतो, तोच. मी हे सांगितले तेव्हा मावशी म्हणाल्या, "मग ते लोक आपल्यासारखंच बोलायचे की!" अगदी तसेच नव्हे. त्या भाषेला प्राकृत म्हणतात. आपली मराठी तिच्याच वंशातली.

शेजारी १८ नंबरचे लेणे आहे. दार फार सुरेख आहे. त्या दारावर लिहिले आहे की हे धंभिक गावचे दान. गावाला लेखात "गाम" म्हटले आहे. एका गावाने वर्गणी काढून दार केले आणि गावाचे नाव घातले. आपण शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची नावे लिहितो ना, तीच रीत.

पण आमची मंडळी सर्वांत जास्त वेळ थांबली ती १० नंबरच्या लेण्यात. नहपान नावाचा एक शक राजा होता. शक म्हणजे बाहेरून आलेले लोक. त्याचा जावई उषवदात. त्याने हे लेणे भिक्षूंना दिले. नुसते लेणे देऊन भागत नाही. भिक्षूंना वर्षाला कापडचोपड लागते. त्याची सोय त्याने कशी केली, ते भिंतीवर सविस्तर लिहून ठेवले आहे.

त्याने ३००० कार्षापण बाजूला काढले. कार्षापण हे त्या वेळचे नाणे. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हातात दिली नाही. नाशिकजवळ गोवर्धन गाव आहे, ते आजही आहे. तिथे विणकरांच्या श्रेणी होत्या. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संस्था. एका श्रेणीकडे त्याने २००० ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे १००० ठेवले, व्याज दरमहा शेकडा पाऊण. अट अशी, की मुद्दलाला हात लावायचा नाही. फक्त व्याज वापरायचे. २००० च्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना कापडासाठी दर माणशी १२ कार्षापण द्यायचे.

मी म्हटले, "करा बघू हिशेब."

मावशींनी बोटे मोजली. पाटी नाही, पेन्सिल नाही. "शंभराला एक, तर दोन हजाराला महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस माणसांना बारा बारा. दोनशे चाळीस. बरोबर बसतंय, गुरुजी. एक पैसा इकडं नाही, तिकडं नाही."

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब तिने उभ्या उभ्या तपासला.

"आमच्या बचत गटात शेकडा दोन घेतात," ती पुढे म्हणाली. "ह्याचा दर बरा होता."

दुसऱ्या हजाराचे वर्षाचे व्याज किती, ते तुम्ही घरी करून पाहा. हे सारे नगराच्या सभेत वाचून दाखवले आणि नोंदवून ठेवले, असेही लेखात आहे. म्हणजे सभेपुढे वाचन, नोंद, आणि वर दगडावर नक्कल. पैशाचा व्यवहार असाच असावा.

३ नंबरचे लेणे मोठे आहे. तिथला लेख एका आईचा आहे. तिचे नाव गौतमी बलश्री. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, सातवाहनांचा मोठा राजा. मुलगा गेल्यावर नातवाच्या राज्यात तिने हे लेणे भिक्षूंना दिले, आणि मुलाची कीर्ती कोरून ठेवली. त्याने शकांना हरवले, नहपानाचे घराणे उखडून टाकले, असे ती सांगते. आईने केलेले कौतुक, थोडे वाढवून असेल, असे कुणी म्हणेल. पण त्याला साक्ष मिळाली. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांच्या वर नाणी. सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला होता. जिंकल्याशिवाय दुसऱ्याच्या नाण्यावर आपला छाप कोण मारील?

त्याच लेखात बलश्री मुलाची आणखी एक थोरवी सांगते. त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली म्हणे.

आबांनी मला थांबवले. "म्हंजे ज्याला त्याला आपापल्या जागी ठेवलं?"

"हो. तसाच अर्थ."

"आणि लेणं दिलं बुद्धाच्या भिक्षूंना?"

"हो."

आबा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. लिहिलेले सगळे आपल्याला आवडेल असे नसते.

गोदाकाठ

दुपारी आम्ही नदीवर आलो. रामकुंडावर गर्दी होती. लांबून लांबून लोक अस्थी घेऊन येतात. दर बारा वर्षांनी इथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. मागचा २०१५ साली भरला होता. बाकीच्या वेळीही नदीला फार त्रास होतो, हे सांगितले पाहिजे. प्लास्टिक, निर्माल्य, साबण. गंगा म्हणायचे आणि तिच्यात घाण टाकायची, हे मला समजत नाही.

नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. तो नुसता देव नाही, पुराचे मापही आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असे नाशिककर सांगतात आणि त्यावरून दुकाने आवरतात. उल्हासच्या काठच्या लोकांना २६ जुलै २००५ चा पूर आठवत असेल. आपल्याकडे नदीत असा एक मारुती असता, तर रात्री कुणीतरी ओरडले असते.

काठावर नारोशंकराचे देऊळ आहे. खरे नाव रामेश्वर. १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधले. तिथली घंटा फार मोठी आहे. ती देवळासाठी ओतलेली नाही. तिच्यावर १७२१ हा आकडा आहे. म्हणजे देवळाच्या आधीची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तिथल्या देवळांच्या, म्हणजे चर्चच्या, घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. ही त्यांतलीच म्हणतात. घंटा तीच, आवाज तोच, देव बदलला.

कपालेश्वराचे देऊळ जवळच आहे. शंकराच्या देवळात समोर नंदी असतोच. इथे नाही. आमच्यातल्या एका बाईंनी ते न सांगता ओळखले. सीतागुंफा पाहिली. पाच वड पाहिले, त्यांवरून पंचवटी नाव पडले असे सांगतात. सीतागुंफेत फार वाकून जावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. मी तेच केले.

संध्याकाळी जुन्या गावात हिंडलो. सराफ बाजार, भांडी बाजार. पितळेची, तांब्याची भांडी दारांत टांगलेली. पेशवाईतला सरकारवाडा पाहिला. बाजूच्या गल्ल्यांत जुने लाकडी वाडे आहेत. खाली दुकान, मागे चौक, वर बिऱ्हाड. खांबांवर नक्षी. पण कितीतरी वाडे वाकलेले आहेत. कुणाला टेकू दिले आहेत. पावसाळ्यात एखादा पडतो, त्याची बातमी पेपरात येते. भाऊबंदकी, भाडेकरू, खर्च. वाडा कुणी दुरुस्त करायचा, ह्यातच वाडा पडतो.

जपान देशात क्योतो नावाचे असेच देवळांचे जुने शहर आहे. ७९४ साली ते राजधानी झाले, आणि हजार वर्षांहून जास्त काळ राहिले. तिथेही अरुंद गल्ल्या आणि लाकडी घरे आहेत. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. देवळात शिरताना लोक दगडी कुंडातले पाणी पळीने हातावर घेतात, जसे आपण पाय धुतो. जुन्या घरांच्या डोक्यावर मोठ्या इमारती उठू लागल्या, तेव्हा २००७ साली त्या शहराने नियम कडक केले. ३१ मीटरहून उंच नवी इमारत बांधायची नाही असे ठरवले. तिथेही जुनी घरे पडतातच. पण निदान शहराने काही ठरवले तरी.

काळारामाचे दार

तिसऱ्या दिवशी सकाळी काळारामाचे देऊळ. ते मी मुद्दाम शेवटी ठेवले होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी हे देऊळ बांधले. सगळे काळ्या दगडाचे. राम, सीता, लक्ष्मण यांच्या मूर्तीही काळ्या. भोवती उंच कोट, आत ओवऱ्या, चार दिशांना चार दारे. काम इतके घट्ट आहे की सांध्यात नख जात नाही.

एवढे लिहिलेले कुठल्याही माहितीपत्रकात मिळते. पुढचे ऐका.

महड आणि महाड आठवते ना? त्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत. अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना मात्र बंदी होती. तीन वर्षांनी तीच लढाई नाशिकला आली. काळारामाच्या देवळातही त्यांना मज्जाव होता. देऊळ गावाचे, देव सगळ्यांचा, दार मात्र काहींचेच.

२ मार्च १९३० रोजी हजारो माणसे नाशिकला जमली. बाबासाहेब आले होते. दादासाहेब गायकवाड हे नाशिकचेच, त्यांनी सारी व्यवस्था पाहिली. मोठी मिरवणूक निघाली. शिस्तीने देवळापाशी आली. दारे बंद केलेली होती. पोलीस उभे होते. मिरवणूक नदीकाठी वळली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दारांपुढे माणसे बसली. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया होत्या. कुणी हात उचलायचा नाही, असा हुकूम. गांधीजींची दांडीयात्रा सुरू व्हायला अजून दहा दिवस होते.

देऊळ महिनाभर बंद राहिले. देवळाच्या लोकांनी देवाला कोंडून घेतले, पण दार उघडले नाही. ९ एप्रिलला रामाचा रथ निघायचा होता. दोघांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. ती पाळली गेली नाही. दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली.

सत्याग्रह पुढे पाच वर्षे चालला. १९३४ साली बाबासाहेबांनी गायकवाडांना कळवले, की आता आपली शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे लावावी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी जाहीर केले, की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. १९४७ साली मुंबई प्रांतात देऊळप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाने अस्पृश्यताच बंद केली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बुद्धाचा धर्म घेतला. देवळाचे दार कायद्याने उघडले, तेव्हा त्या दारापुढे बसलेले कितीतरी लोक मनाने पुढे निघून गेले होते.

हे सारे मी आदल्या रात्री धर्मशाळेत वाचून दाखवले होते. सकाळी आम्ही दारापाशी आलो. मंडळी चपला काढून आत गेली. आबा बाहेरच थांबले.

मी म्हटले, "आबा, यायचे ना?"

"गुरुजी, आम्ही बुद्धाचे. मला पूजा करायची नाही. पण दारं बघायची आहेत." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आमचे बाबा तेव्हा अठरा वर्षांचे. कल्याणला हमालीला होते. त्यांच्यातले काही जण इथं आले. बाबांना रजा मिळाली नाही. मरेपर्यंत सांगायचे, देवळाला चार दारं आणि चारही बंद."

आबा कोटाच्या बाहेरून एक फेरा मारून आले. प्रत्येक दारापाशी थांबले. मी बरोबर होतो, पण जरा मागे. मोठ्या दारापाशी परत आल्यावर त्यांनी मान वर केली. वर देवळाचे नाव लिहिले होते. त्यांनी एकेक अक्षर लावले. का-ळा-रा-म. काना तीनदा आला, ते त्यांनी बोटाने दाखवले. मंदिर या शब्दातला अनुस्वार त्यांना आधी सुटला. मग त्यांनी पुन्हा वाचला.

वाचून झाल्यावर चपला काढल्या आणि सरळ आत गेले. कुणी काही विचारले नाही. कोण विचारणार? गाभाऱ्याकडे ते गेले नाहीत. अंगणात फरशीवर बसले, मांडी घालून. दोन्ही तळवे फरशीवर टेकले.

"गार आहे," एवढेच म्हणाले.

मावशी दर्शन घेऊन आल्या. त्यांच्या हातात साखरफुटाण्यांचा प्रसाद होता. त्यांनी आबांपुढे हात केला. आबा जरा थांबले. मग म्हणाले, "तू देतेस म्हणून घेतो." दोघे तिथेच बसून खाऊ लागले. समोर शाळेची पोरे रांगेने आत येत होती. मास्तर ओरडत होते, रांग मोडू नका म्हणून. मला माझे दिवस आठवले.

दुपारची गाडी होती. स्टेशनवर आबा माहितीच्या फलकापुढे उभे राहून गावांची नावे वाचीत होते. मला म्हणाले, "गुरुजी, येवला इथून किती लांब?"

मी म्हटले, "ऐंशी किलोमीटर असेल. मुक्तिभूमी म्हणून स्मारक आहे तिथे."

"एक दिवस लागंल?"

"लागेल."

आबांनी खिशातून छोटी वही काढली. फलकाच्या उजेडात, हळूहळू, "येवला" असे लिहिले. गाडी आली तेव्हा ते शेवटचा काना देत होते.